दोघांत एक जाकीट

५ जानेवारी, सोमवार

हातगाडी यांना दिसलीच नाही!

मी मोटारसायकलवर यांच्या मागे बसले होते, मांडीवर वजनांची पेटी. भर दिवसा, सरळ रस्ता, आणि समोर संत्र्यांची हातगाडी उभी, चांगली खोलीएवढी. मी किंचाळले तेव्हा ब्रेक लागला. चाक हातगाडीला नुसतं टेकलं. हातगाडीवाला म्हणाला, “काका, डोळे घरी ठेवून निघालात काय?” हे हसले. घरी पाणी दिलं, तर हात पेल्याच्या शेजारी गेला.

तेव्हा विचारलं, कधीपासून? तर म्हणे, “दिसतं गं. जरा धुरकट दिसतं, इतकंच.”

धुरकट! आणि मी रोज मागे बसून डोळे मिटून नाम घेत असते. पुढच्याला दिसत नाही, मागचीनं डोळे मिटलेले. मग इतके दिवस गाडी चालवत कोण होतं? देवच. दुसरं कोण!

कोणाला लागलं नाही. एक संत्रंसुद्धा खाली पडलं नाही. देवा, तुझे उपकार कसे फेडू.

८ जानेवारी

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पूर्ण पिकलाय. डॉक्टरीणबाई यांच्यावर रागावल्याच. “आजोबा, तुम्ही गाडीवरून आलात की काय?” यांना आजोबा म्हटलेलं आवडलं नाही. रक्तातली साखरही वाढलेली. ती खाली आल्याशिवाय शस्त्रक्रिया नाही, म्हणजे मार्चअखेर उजाडणार. तोवर गाडीला हात लावायचा नाही, आणि नंतरही त्या सांगतील तेव्हाच.

इथपर्यंत ठीक. पण मार्चअखेरपर्यंतच तर आमचं काम असतं! दुकानदार, गिरण्या, भंगारवाले, आडगावचे बाजार — सगळ्यांचे वजनकाटे वर्षातून एकदा तपासून द्यायचे असतात. पेटीतलं खरं वजन काट्यावर ठेवायचं, काटा खोटं बोलत असेल तर त्याचं पोट उघडून दुरुस्त करायचं. यांनी लग्नाच्या आधीपासून एकेक गिऱ्हाईक जोडलेलं. आता कोणी एक व्हॅनवाला फिरायला लागलाय. एक वर्ष आम्ही गेलो नाही की तो घरात शिरला म्हणून समजा. मग आम्ही दोघांनी करायचं काय? पेटी घेऊन बसनं जाता येत नाही, आणि निम्म्या गावांना बसच जात नाही.

हे भिंतीकडे बघत बसले होते. मी म्हटलं, “मी चालवते.”

कुठून आलं तोंडात, देव जाणे. हे म्हणाले, “काय?” मी म्हटलं, “डोळ्यांबरोबर कानही गेले का?”

१३ जानेवारी

शिकायला सुरुवात. शेजारचे भावजी जन्मभर बस चालवून निवृत्त झालेत, ते शिकवतात. शाळेच्या मैदानावर, मुलं यायच्या आत. पहिल्याच वेळेला गाडीनं बेडकासारख्या उड्या मारल्या. भावजी लांब पळाले आणि तिथून ओरडायला लागले, “वहिनी, क्लच हळूच सोडा! नवऱ्याशी बोलता तसा नको, पाहुण्यांशी बोलता तसा!”

पायघोळ कपडे चाकात जातात. यांची जुनी पँट कमरेला दोरी बांधून घातली. आरशात बघितलं नाही. बघून काय करायचंय?

१४ जानेवारी

आज एकही उडी नाही!!

२ फेब्रुवारी

लेकीला कोणी सांगितलं कोण जाणे. यांनीच सांगितलं असणार. यांच्या पोटात काही राहत नाही. फोनवर आधी हसली, मग उलटतपासणी सुरू केली. ती दवाखान्यात जखमा बांधायच्या खोलीत असते. म्हणाली, “आई, अंगात काय घालून चालवणार आहेस?”

मी म्हटलं, बाबांचा लोकरी कोट आहे की. हेल्मेट आहे. मी काय उडवणार आहे का गाडी? बैलगाडीच्या वेगानं जाणार.

म्हणाली, “आई, माझ्याकडे वेगानं जाणारे येत नाहीत. ते वेगळ्या खोलीत जातात. माझ्याकडे सगळे हळू जाणारेच येतात, आणि मी त्यांच्या गुडघ्यातून खडी वेचत बसते.”

मी म्हटलं, देव राखतो. ती म्हणाली, “राखतो ना. पण त्यानं कातडी एकदाच दिलीय. जाकीट घे. कोपराला, खांद्याला गादी असते तसलं. आणि हातमोजे. पडताना माणूस आधी हातच टेकतो.”

फोन ठेवल्यावर बसून राहिले. जाकीट घालणं म्हणजे देवावर भरवसा नाही असं होतं का? दाराला कडी लावतोच की आपण. मग दाराला लावावी आणि अंगाला लावू नये, असं कुठं आहे? देवाला तरी आपल्यामागे किती धावायला लावायचं.

घ्यायचं ठरवलं. पण विचार करून घ्यायचं. उधळमाधळ नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पास! लायसन्सच्या परीक्षेत आठचा आकडा पाय न टेकता काढला. साहेब म्हणाले, “आजी, कमाल आहे.” आज मीही आजी झाले! हे जाम खूश. माझ्या पास होण्यापेक्षा त्याच्यावरच जास्त.

१६ फेब्रुवारी

जाकीट आणलं. दुकान चालवते ती बाई तिशीची असेल. केस कापलेले, स्वतःही गाडी चालवते. दारात तिची गाडी उभी होती, म्हशीएवढी.

“मुलासाठी का, काकू?”

“माझ्यासाठी. म्हणजे दोघांसाठी.”

“मग दोन दाखवते.”

“एकच दाखव. मी दोन महिने घालणार. मग यांचे डोळे बरे झाले की हे घालतील. दोघांना होईल असं मधलं माप काढ.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “काकू, जाकीट म्हणजे पांघरूण नव्हे, आज याच्या अंगावर, उद्या त्याच्या. ते अंगाला धरून बसलं पाहिजे.”

या दुकानदारांना एकाच्या जागी दोन खपवायची असतातच. मी काय आज खरेदी करतेय? मुलीला जन्मभर वाढत्या अंगाचंच घेतलं. बाह्या दुमडल्या, टाके घातले, आणि दर वर्षी एकेक टाका उसवला. एक कोट पाच वर्षं पुरवलाय मी! माझ्यापुरतं घट्ट घेतलं आणि दोन महिन्यांनी खुंटीला टांगलं, तर देव तरी माफ करील का?

रंग मळखाऊ घेतला, काळपट करडा. ती पिवळं दाखवत होती. म्हटलं, रस्त्यावरची धूळ कोण धुणार, तू?

हातमोजे घेतले नाहीत. यांचे लोकरी आहेत. किंमत हिशेबाच्या वहीत लिहिली. इथे पुन्हा लिहून जीव जाळायचा नाही.

घरी दोघांनी घालून बघितलं. मला ढगळ, यांची पोटावर चेन लागेना. म्हणजे माप अगदी मधलं निघालं! बाह्या दुमडून मनगटाशी टाका घातला. छान झालं.

१९ फेब्रुवारी

पहिली फेरी. नदीपलीकडच्या बाजारात.

हे मागे बसले, पेटी मधे. गाडी सुरू झाल्यापासून यांचं तोंड सुरू. “खड्डा आहे. डावीकडे घे. आता वळण येईल. ब्रेक!” दिसत काही नाही, पण रस्ता सगळा पाठ. कुठं खड्डा, कुठं कुत्रं अंगावर येतं, सगळं. एका जागी म्हणाले, “इथं मोठं झाड आहे, सावलीत थांबू.” झाड तोडलेलं होतं. मी सांगितलं नाही. पुढं जाऊन दुसऱ्या झाडाखाली थांबवली.

काम मात्र नेहमीसारखं झालं. यांचे हात काट्याच्या पोटात गेले की डोळ्यांची गरज नाही. आकडे मी वाचले. किराणावाला म्हणाला, “काकू, आता काकांना पगारावर ठेवलंत वाटतं.” यांनी उत्तर दिलं, “जेवूनखाऊन आहे. पगार मागितला तर काढून टाकेल.”

संध्याकाळी सुखरूप परत. आल्याबरोबर देवापुढे बसले. दिवा लावला. गाडी चालवायला मजा आली. खोटं कशाला लिहू.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पडलो.

डाव्या हातानं लिहितेय, म्हणून अक्षर असं. यांना काही झालं नाही. आधी हे लिहून ठेवते. यांना काही झालं नाही. देवा, देवा!

गिरणीच्या वळणावर बारीक खडी पसरली होती. मी चालायच्या वेगानं वळत होते, लेक म्हणते तसली हळू जाणारी! पुढचं चाक सरकलं आणि पेटीच्या वजनानं गाडी आडवीच झाली. हे कसे कोण जाणे, उभेच! गाडी खाली आणि हे तिच्या शेजारी उभे, एखाद्यानं नुकतं घोड्यावरून उतरावं तसे. “कुठे आहेस? कुठे आहेस?” म्हणून ओरडत होते. मी पायाशीच होते.

पितळी वजनं रस्ताभर घरंगळली. गिरणीतली माणसं धावून आली, वेचून दिली. सगळ्यात धाकटं गटारात सापडलं.

उजवा तळहात सोलला, लोकरी मोजा फाटून जखमेत चिकटला. कोपर पार सोललं. हेल्मेट होतं म्हणून डोकं शाबूत. गिरणीवाल्याच्या माणसानं गाडी घरी आणून दिली. तिकडच्या दवाखान्यात खडी काढली. कोपराला दोन टाके. बस्स. हाड नाही मोडलं.

२५ फेब्रुवारी

लेकीला फोन करून मीच आधी सांगावं असं हे म्हणतात. मी म्हणते यांनी सांगावं. शेवटी कोणीच केला नाही.

२६ फेब्रुवारी

हे म्हणाले, “बंद करू. गिऱ्हाईक गेलं तर गेलं. व्हॅनवाल्याचं भलं होवो.”

मलाही तेच वाटत होतं. सकाळी अंगणात गेले तर गाडीकडे पाठ करून उभी राहिले.

पण दुपारी जाकीट धुवायला काढलं आणि थबकले. कोपराच्या गादीवर ओरखडासुद्धा नाही! कोरी करकरीत. आणि माझं कोपर तर हे असं. मग जाकीट अंगात घातलं, हात टेकवून बघितला, हळूच जमिनीवर सरकवला. तर काय! बाही गोल फिरली आणि गादी दंडावर चढून बसली. कोपर उघड्या कापडावर. आणि मी मनगटाशी घातलेल्या टाक्यानं बाही वर ओढून धरलेली, ते वेगळंच.

म्हणजे मी दोघांचं म्हणून जे आणलं, ते दोघांपैकी एकाचंही नव्हतं.

मुलीच्या कोटाची गोष्ट वेगळी होती. त्या कोटानं फक्त थंडी अडवायची होती. याला वेगळं काम आहे, आणि त्या कामाला वाढतं अंग चालत नाही. इतकी साधी गोष्ट मला पडल्यावर कळली. पण कळली! कोपराच्या दोन टाक्यांत कळली. डोकं फुटून कळली असती तर लिहायला कोण होतं?

भीती थोडी उतरली. आपण पडलो ते गाडी येत नाही म्हणून नव्हे. खडीवर कोणीही पडतं, भावजीसुद्धा. पडल्यावर लागलं, ते मात्र माझ्या काटकसरीमुळे. आणि ते सुधारता येण्यासारखं आहे.

यांना म्हटलं, “रविवारी दुकानात जायचंय.” हे म्हणाले, “विकायला?” मी म्हटलं, “नाही, घ्यायला.”

१ मार्च, रविवार

दुकानवालीनं माझा हात बघितला. मी सांगितलं तरी म्हणाली नाही, की मी आधीच सांगितलं होतं. पोरगी चांगली आहे.

या वेळेला मी तिला म्हटलं, तू म्हणशील ते, फक्त का ते सांग. मग तिनं मला स्टुलावर बसवलं, गाडीवर बसतो तशी, हात पुढे करून. “काकू, उभं राहून माप घ्यायचंच नाही. पडताना आपण उभे नसतो.” बसल्यावर बाह्या वर जातात आणि पाठ उघडी पडते. ते मी कधी बघितलंच नव्हतं. गादी कोपरावर आली की तिनं चिमटीत धरून ओढून बघितली, हलते का. हलली की जाकीट बाजूला. किती घातली आणि काढली! शेवटी एक असं बसलं की मला वाटलं मी पुन्हा तरुण झाले. घट्ट, पण श्वास पूर्ण.

पँटसुद्धा घेतली, गुडघ्याला गादीवाली. माझ्या मापाची, दोरी न लावता राहणारी. हातमोजे चामड्याचे, तळव्याला दुहेरी. घोट्याच्या वर जाणारे बूट. हेल्मेट यांचं जुनं होतं. तिनं हातात घेऊन बघितलं आणि विचारलं, हेच घालून पडलात? मग आत्ताच्या आत्ता टाका, एकदा आपटलं की त्याचं काम संपलं. बाहेरून चांगलं दिसलं तरी. जीव तुटला. पण टाकलं. नवं डोक्यात घातलं तर गाल दाबून बाळासारखे पुढे आले. मी म्हटलं, लहान होतंय. ती म्हणाली, “डोकं हलवा.” हलवलं. हेल्मेट डोक्याबरोबर हललं, एकटं नाही. “हेच तुमचं.”

हे सगळा वेळ कोपऱ्यात खुर्चीवर बसून होते. तिनं यांना म्हटलं, “काका, मागे बसणाऱ्यालाही लागतं हं.” तर म्हणे, “मी उभाच राहतो!” मी जुनं करडं जाकीट यांच्या अंगात घातलं. ओढूनताणून, पोट आत घेऊन चेन लागली एकदाची. तात्पुरतं. हेल्मेट मात्र यांच्या मापाचं घेतलंच. त्यावर वाद घालू दिला नाही.

रंग? पिवळाजर्द. मळखाऊ नाही. मळला तर धुवीन. हात आहेत अजून.

किंमत वहीत लिहिली. लिहिताना जीव जळला नाही. नवलच.

३ मार्च

लेकीला अखेर सांगितलं. आधी रडली, मग ओरडली. मग फोनवरच गादी हलते का ते तपासायला लावलं. पास झाले.

६ मार्च

आज गिरणीचं वळण पुन्हा. मुद्दाम त्याच रस्त्यानं गेले. खडी अजून तिथेच! गाडी सरळ ठेवली, ब्रेकला हात लावला नाही, नाम घेतलं, पण डोळे उघडे ठेवून. निघालो पार. मागून हे म्हणाले, “गेलं का वळण?” मी म्हटलं, कधीच.

पुढे बाजारात यांना काट्यापाशी बसवलं आणि मी पाणी आणायला गेले. गर्दी बरीच होती. परत येताना लांबूनच हे हात करताना दिसले. मला वाटलं दुसऱ्या कोणाला करतात. इतक्या लांबून मी यांना कशी दिसणार? जवळच्या पेल्याला हात लागत नाही यांचा.

जवळ गेल्यावर म्हणाले, “पिवळा ठिपका येताना दिसला. बाकी सगळं धुकं आणि मधे तू.”

मी म्हटलं, “बघा, मळखाऊ घेतलं असतं तर?” आणि काट्यावर वजन ठेवायला वाकले. तोंड लपवायला बरं असतं वाकणं.

१८ मार्च

रोज फेरी. दमते. झोप मात्र दगडासारखी लागते. यांची साखर उतरली!

भंगारवाला म्हणाला, व्हॅनवाला येऊन गेला, पण त्याला सांगितलं आमचे काटेवाले पिवळ्या गाडीवर येतात. गाडी काळी आहे. पिवळी मी आहे.

२४ मार्च

शेवटचा काटा झाला. एकही गिऱ्हाईक सुटलं नाही. एकही! घरी येताना यांनी पाठीवर थाप मारली. पाठीला जाड गादी आहे जाकिटाची. तरी थाप लागली.

२७ मार्च, शुक्रवार

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. आत गेले आणि मी नाम घ्यायला डोळे मिटले, तोवर बाहेरसुद्धा आले! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झालं सुरळीत. डोळ्यावर पट्टी. घरी रिक्षानं आणलं. म्हणाले, “तुझ्या गाडीपेक्षा ही जास्त आदळते.” तुझ्या गाडीपेक्षा! ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

२८ मार्च

पट्टी काढली. देवा, दिसलं! यांना दिसलं!

मला वाटलं माझ्याकडे बघून काहीतरी बोलतील. घरी येऊन दारात उतरले, गाडीपाशी थांबले आणि म्हणाले, “हा टाकीवर चरा कधी पडला?”

महिनाभर झाकून ठेवला होता मी फडक्यानं. हसू आवरेना. हे रागावलेले आणि मी पायरीवर बसून हसतेय, डोळ्यांतून पाणी. शेजारचे भावजी बाहेर आले, काय झालं म्हणून. मी म्हटलं, “यांना दिसायला लागलं हो!”

१५ एप्रिल

डावा डोळाही गेल्या आठवड्यात झाला. हे आता रोज गाडी पुसतात. चऱ्यावर रंग लावून झाला. वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवतात, मागितलेलं नसताना. डॉक्टरीणबाई अजून गाडी चालवू देत नाहीत. म्हणाल्या, महिनाअखेरीला या, मग तपासून सांगते. यांना धीर नाही. काल उगाच गाडीवर बसून हँडल धरून बघत होते. लहान मुलासारखे. बघून बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

मग आत येऊन मी पिवळं जाकीट खुंटीवरून काढलं, घडी केली, कपाटात ठेवायला गेले. ठेवलं नाही. पुन्हा खुंटीला टांगलं. धुवायचं राहिलंय, असं स्वतःला सांगितलं. कालच धुतलं होतं.

हे असं का करतेय मी? देवाजवळ मागितलं ते सगळं मिळालं. डोळे मागितले, मिळाले. काम मागितलं, राहिलं. आता खरं तर निवांत मागे बसावं आणि डोळे मिटून नाम घ्यावं. तेच तर करत होते आयुष्यभर.

२० एप्रिल

पाण्याचं बिल भरायला गेले. चालत जाण्यासारखं आहे. गाडीवर गेले. जाकीट, हातमोजे, बूट, सगळं घालून. लांबच्या रस्त्यानं.

२७ एप्रिल, सोमवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आजोबा, नजर उत्तम. आता खुशाल गाडी चालवा.” आजोबा म्हटल्याचं यांना आज काही वाटलं नाही. मनावरचं केवढं ओझं उतरलं! देवा, शतशः उपकार.

पायऱ्या उतरून गाडीपाशी आलो. यांनी किल्लीसाठी हात पुढे केला, सहज, जसा कायम करत आले तसा.

मी किल्ली दिली नाही. म्हटलं, “आधी तुमच्या अंगाला बसणारं जाकीट आणू. मग बघू.” ते निमित्त होतं. इथे खोटं लिहायचं नाही. मला द्यायचीच नव्हती.

यांनी माझ्याकडे बघितलं, नव्या डोळ्यांनी. मग हेल्मेट घातलं आणि मागे बसले.